ग्रुपवरची मराठी अभ्यासाला घ्या: संशोधन मान्यता समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी आणि वृत्तपत्रविद्या विषयांच्या अभ्यास मंडळांचे व संशोधन मान्यता समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते. गेल्या वर्षी पीएच.डी.साठी मी विषय मांडला होता: ‘तालुक्यातील व्हॉट्सॲप ग्रुपवरील निधनवार्ता: भाषा, नाती आणि रीत’. सादरीकरणाला दहा मिनिटं होती. चौथ्या मिनिटाला पहिला प्रश्न आला, “यात वाङ्मय कुठे आहे?” मग दुसरा, “संदर्भग्रंथ कोणते?” तिसरा प्रश्न नव्हताच, सल्ला होता. “विषय जरा फिरवून घ्या. ‘समाजमाध्यमांचा ग्रामीण युवकांवरील परिणाम: एक चिकित्सक अभ्यास’ असं करा, लगेच मंजूर होईल.”

समितीतले सगळे माझ्याशी आदरानेच बोलले, हे आधी सांगते. कुणी हसलं नाही, कुणी अडवायचं म्हणून अडवलं नाही. म्हणूनच मला हे पत्र लिहावंसं वाटलं. ही एका समितीची चूक असती तर मी तिथेच बोलून मोकळी झाले असते. पण राज्यातल्या वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या माझ्या ओळखीच्या संशोधकांना थोड्याफार फरकाने हाच सल्ला मिळालेला आहे. परिणाम तपासा, प्रश्नावली भरून घ्या, टक्केवारी काढा. माणसं फोनवर प्रत्यक्षात काय लिहितात, काय बोलतात, ते मात्र उघडून बघू नका.

मला जे बघायचं आहे ते कसं असतं, एवढं तरी आपल्यापुढे ठेवू द्या.

सकाळी सहाच्या सुमारास गावाच्या ग्रुपवर मेसेज येतो. “दुःखद निधन. आपल्या गावातील ह.भ.प. अमुक यांच्या मातोश्री गं.भा. अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. अंत्यविधी साडेदहा वाजता अमरधाम येथे. मुंबईची मंडळी निघाली आहेत.” हा मेसेज घरचं माणूस सहसा टाकत नाही. भावकीतला एखादा किंवा शेजारचा टाकतो. घरातला मुलगा ग्रुपवर एक शब्द लिहीत नाही. दुपारपर्यंत त्याच्या डीपीवर आईचा फोटो येतो, तेवढंच. ‘मुंबईची मंडळी निघाली आहेत’ हे शेवटचं वाक्य माहिती म्हणून येतं, पण त्याचा खरा अर्थ असा की साडेदहाचे बारा होऊ शकतात, शेतावर जायचं असेल तर जाऊन या. गावातल्या प्रत्येकाला तो कळतो. बाहेरच्याला कळत नाही.

मग खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सुरू होतं. वयस्क माणसं एकेक अक्षर शोधून टाइप करतात. तरुण पोरं वरचा मेसेज कॉपी करून खाली टाकतात. त्यामुळे पहिल्या कुणी ‘भावपुर्ण’ असं ऱ्हस्व लिहिलं असेल तर तो ऱ्हस्व उकार खालच्या चाळीस-पन्नास मेसेजांतून उतरत जातो, आणि मधेच एखाद्या निवृत्त गुरुजींनी स्वतः टाइप केलेला दीर्घ ‘पू’ आला की तिथून पुढची रांग दीर्घ होते. आपण एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. लेखनिकाची एक चूक कुठल्या कुठल्या प्रतींत उतरली यावरून हस्तलिखितांचं घराणं लावता येतं, हे सांगतो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं हेच काम चाललं. तेच शास्त्र माझ्या हातातल्या फोनवर एका सकाळीत घडताना दिसतं. मला विचारलेल्या ‘यात वाङ्मय कुठे आहे’ या प्रश्नाला माझं निम्मं उत्तर हे आहे.

उरलेलं निम्मं उत्तर शब्दांत आहे. एकाच तालुक्यात, एकाच महिन्यात, गेलेल्या माणसाच्या नावाआधी कुठे कै. लागतं, कुठे वैकुंठवासी, बौद्ध घरांत कालकथित, मुसलमान घरांत पैगंबरवासी. पुढच्या विधीचं नावही असंच. आमच्याकडे दशक्रिया, कोल्हापूर-सांगलीकडे रक्षाविसर्जन, खानदेशात गंधमुक्ती, विदर्भात तेरवी, बौद्ध घरांत पुण्यानुमोदन. गावाचा ग्रुप सगळ्यांचा असतो, मग त्यावर मेसेज टाकणारा कुठला शब्द निवडतो? बौद्ध कुटुंबातल्या माणसाची निधनवार्ता दुसऱ्या समाजातल्या ॲडमिनने टाकली आणि त्यात ‘कै.’ लिहिलं, तर खाली कुणी दुरुस्ती करतं का? मी असं घडताना पाहिलं आहे. एका तरुणाने काहीही वाद न घालता, खाली फक्त ‘कालकथित’ हा शब्द घालून तोच मेसेज पुन्हा टाकला. पुढच्या सगळ्या श्रद्धांजल्या त्या दुसऱ्या मेसेजखाली आल्या. या एका शब्दाच्या दुरुस्तीत गावाचा केवढा इतिहास आहे!

कारण मयताचा सांगावा कोण नेणार, हे या गावांत कधीकाळी जातीने ठरलेलं होतं. गावोगाव पायी जाऊन सोयऱ्यांना मृत्यूची खबर देणं हे महारांच्या वतनी, म्हणजे पिढीजात बांधून दिलेल्या, कामांपैकी एक काम होतं. बाबासाहेबांनी ज्या महार वतनाविरुद्ध इतकी वर्षं झगडा दिला, ते कायद्याने गेलं १९५८च्या मुंबई कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्यानंतर. मधल्या काळात तार होती. ‘तार आली’ म्हटल्यावर उघडायच्या आधीच घरात रडारड व्हायची. तार सेवा २०१३च्या जुलैत बंद झाली. मग फोन, आणि आता ग्रुप. ज्यांच्या आजोबांना ही खबर घेऊन ऊन-पावसात चार-चार कोस चालावं लागत होतं, त्यांचा नातू आज त्याच गावाच्या ग्रुपवर आपल्या माणसाच्या नावाआधीचा शब्द स्वतः ठरवतो. नवमाध्यमांच्या अभ्यासाला याहून मराठी विषय मला तरी सुचत नाही.

मला दिलेल्या शीर्षकातल्या ‘परिणाम’ या शब्दाबद्दल आता बोलायला हवं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षुकीसाठी फिरणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. त्याआधी कित्येक दिवस परिसरात मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज आणि व्हिडिओ फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. आपण सगळ्यांनी ‘अफवांचा परिणाम’ म्हटलं आणि पुढे गेलो.

या प्रकारच्या घटनांवर २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी केला होता. त्यासाठी चार राज्यांत क्षेत्रकाम झालं, त्यांत महाराष्ट्रही होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, लोकांना फोन नीट वापरता येत नाही म्हणून अशी हिंसा होते, हे खरं नाही. ज्या समाजांबद्दल मनात आधीपासून संशय आणि आकस आहे, त्यांच्याविषयीचा मेसेज लोक खरा मानतात, पुढे पाठवतात, आणि त्यात फोन सराईतपणे वापरणारे मागे नसतात. म्हणजे मेसेज माणसाला बदलतो की माणूस आपल्या मनातल्या गोष्टीसाठी मेसेज वापरतो, हा प्रश्न आहे. ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकातच बसवून टाकला की हा प्रश्न विचारायच्या आधीच आपण त्याचं उत्तर देऊन बसतो.

तो अभ्यास इंग्रजीत आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे तो वाचू शकतात. आणि भटक्या जमातींबद्दल गावात वापरले जाणारे शब्द, त्यांतला संशय, ‘बाहेरचे’ या शब्दाचा आमच्याकडचा वजनदार अर्थ, हे मराठीत वाढलेल्या संशोधकाला जसं ऐकू येईल तसं दुभाष्याकडून येणार नाही. राईनपाड्याबद्दल मराठीत बातम्या आल्या, लेख आले. त्या दिवसांत साक्रीच्या परिसरात नेमके कोणते मेसेज, कुठल्या भाषेत, अहिराणीत की मराठीत की हिंदीत, कुणाकडून कुणाकडे गेले, याचा शब्दशः अभ्यास करायला आपल्या विद्यापीठांतून तेव्हाच दहा विद्यार्थी निघायला हवे होते.

भाषेबद्दल तर किती सांगू. ‘ठेवणे’ हे क्रियापद घ्या. आपण नाव ठेवतो, विश्वास ठेवतो, गहाण ठेवतो, आणि आता स्टेटस ठेवतो, डीपी ठेवतो. मेसेज मात्र आपण ‘टाकतो’, पत्रासारखा. स्टेटस चोवीस तासांनी पुसलं जातं, तरी त्याला ‘ठेवणे’. मेसेज तसाच राहतो, तरी त्याला ‘टाकणे’. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण यात मराठी माणसाने त्या दोन गोष्टींमधला फरक नेमका ओळखला आहे: एक गोष्ट उंबऱ्यात ठेवायची, येणारा-जाणारा पाहील, दुसरी कुणाच्या तरी हाती द्यायची. किंवा ‘लेफ्ट होणे’. ‘काका ग्रुपमधून लेफ्ट झाले.’ पडद्यावर येणाऱ्या सूचनेतला एक शब्द उचलून आपण त्याला ‘होणे’ जोडलं, आणि ‘वेगळे झाले’च्या शेजारी नेऊन बसवलं. भावकीच्या ग्रुपमधून कुणी लेफ्ट झालं की संध्याकाळी त्याच्या घरी दोन माणसं समजूत काढायला जातात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. वेगळं निघालेल्या भावाकडेही अशीच जात असत.

लिपीचंही तसंच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे फरक मराठीला लागतात, हिंदीला लागत नाहीत. कित्येक वर्षं लोकांना फोनवर ‘ऱ्य’ कसा काढायचा हे सापडत नव्हतं, म्हणून ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं. आज माझे विद्यार्थी परीक्षेच्या कागदावर, पेनाने, ‘दुसर्या’ लिहितात. तिथे त्यांना कुठला कीबोर्ड अडवत नाही. यंत्राची अडचण हातात उतरली. हा बदल कोणत्या वयात, कोणत्या शाळांत, किती पसरला, हे तपासायला फार पैसे लागत नाहीत. उत्तरपत्रिका दरवर्षी आपल्याच हाताखालून जातात.

संदर्भग्रंथांच्या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर आहे. संगणकावरून होणाऱ्या संवादाच्या अभ्यासाला वाहिलेलं इंग्रजी नियतकालिक १९९५ पासून निघतं आहे. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं तेही त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला. म्हणजे हा विषय कालचा नाही. पण त्याहून जवळची परंपरा आपल्याकडे आहे. मराठी गद्याचा आद्यग्रंथ म्हणून आपण लीळाचरित्र शिकवतो. म्हाइंभटांनी ते कसं केलं? महानुभाव पंथाच्या चक्रधरांना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून, कोण काय सांगतो ते टिपून. लोकांच्या तोंडची वाक्यं गोळा करून. ते काम जिथे झालं त्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरांतली दप्तरं धुंडाळत होते, तेव्हा त्या कागदांनाही कुणी वाङ्मय म्हणत नव्हतं. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला, पुढे बावीस झाले. आज त्या पत्रांतल्या मायन्यांवर आपण व्याख्यानं देतो. आणि हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ या संशोधकांनी बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. जाती बंद पडत होती, ओव्या विसरल्या जात होत्या, तेव्हा ते दारोदार गेले. आज जातं फिरवणारी बाई शोधावी लागते. ओव्या आहेत.

आत्ता आपल्यासमोर जे आहे ते जात्यापेक्षा वेगाने जाईल. ऑर्कुट २०१४च्या ३० सप्टेंबरला बंद झालं. ज्या मराठी मुलांनी पहिल्यांदा अनोळखी माणसांशी मराठीत गप्पा मारल्या त्या तिथेच मारल्या होत्या. २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली. बंदी योग्य की अयोग्य, हा माझा विषय नाही. पण त्या रात्रीपर्यंत ऊसतोडीच्या फडावरून, वीटभट्टीवरून, गोठ्यातून, आपल्या बोलीत व्हिडिओ करणाऱ्या बायका-पुरुषांचं बोलणं तिथे होतं. त्यात मराठवाड्याची मराठी होती, झाडीबोली होती, आगरी होती. ज्या बोलींसाठी आपण ध्वनिमुद्रणाची योजना करतो, त्या बोलत्या माणसांनी आपणहून बोलून ठेवल्या होत्या. आपल्यापैकी कुणी त्यातले शंभर तरी व्हिडिओ, त्या माणसांना विचारून, जपून ठेवले का? मीसुद्धा ठेवले नाहीत. त्याची मला आजही खंत आहे.

बाहेरून हे साहित्य मिळवणंही दिवसेंदिवस अवघड होतं आहे. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांना तिथला मजकूर मोफत मिळवण्याची वाट बंद केली. फेसबुकवरच्या सार्वजनिक मजकुराचा माग काढायचं क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. युरोपात निदान कायद्याने मोठ्या कंपन्यांना संशोधकांपुढे दार उघडावं लागतं. आपल्याकडे तसा कायदा नाही. ज्यांना त्यांच्या लोकांनी विश्वासाने ग्रुपमध्ये घेतलं आहे असे आमच्यासारखे शिक्षक आणि विद्यार्थी, हीच आपली वाट आहे.

विश्वास म्हटलं की जबाबदारी आली, आणि समितीने मला ज्याबद्दल खोदून विचारायला हवं होतं, ते हेच. ते कुणी विचारलं नाही. मी निधनवार्ता टिपते तेव्हा माझ्या वहीत नाव, गाव, नंबर येत नाही. ग्रुपच्या ॲडमिनने ‘घ्या की मॅडम’ म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं होत नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना, दशक्रिया होऊन गेल्यावर, समोर बसून विचारावं लागतं. दोघांनी नको म्हटलं. ती पानं मी त्यांच्यासमोर फाडली. सार्वजनिक मजकूरसुद्धा प्रबंधात जसाच्या तसा छापला तर कुणीही ते वाक्य शोधून लिहिणाऱ्यापर्यंत पोचू शकतं, म्हणून तिथे शब्द थोडे बदलावे लागतात, आणि बदलले आहेत असं सांगावं लागतं. इंटरनेट संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ पासून याची मार्गदर्शक तत्त्वं वेळोवेळी काढली आहेत. आपल्या २०२३च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संशोधनासाठी अटींसह सवलत आहे. यातलं काहीच मराठीतून आपल्या संशोधकांना शिकवलं जात नाही. दोनशे प्रश्नावल्या भरून घेताना मात्र नाव आणि मोबाइल नंबर हे पहिले दोन रकाने असतात!

म्हणून माझं मागणं साधं आहे. विषय नाकारताना ‘यात वाङ्मय कुठे आहे’ हा प्रश्न पुरेसा मानू नका; साहित्य कसं जमवणार, कुणाची परवानगी घेणार, कुठे जपणार, हे विचारा, आणि उत्तर नसेल तर खुशाल नाकारा. समितीत भाषाविज्ञानातलं किंवा मानववंशशास्त्रातलं एक माणूस बसवा. एम.ए.ला क्षेत्रकामाचा एक पेपर द्या, ज्यात विद्यार्थी आपल्या गावातला, गल्लीतला ऑनलाइन व्यवहार महिनाभर बघेल आणि लिहील. बचत गटाच्या अध्यक्ष ताई टाइप करत नाहीत, त्या ऑडिओ टाकतात. “ताईंनो, ऐका, हप्ता सोमवारी” असं सुरू होणारा तो ऑडिओ बायका भाकरी थापताना स्पीकरवर ऐकतात. त्या आवाजाचं व्याकरण लिहायला दुसरा कोण येणार आहे?

आणि रिद्धपूरच्या विद्यापीठाने, किंवा ज्याला जमेल त्याने, एक दप्तरखाना सुरू करावा. लोकांनी स्वेच्छेने दिलेले ग्रुप, ऑडिओ, व्हिडिओ तिथे ठेवावेत, नावं झाकून, देणारा म्हणेल तितकी वर्षं कुलूपबंद. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. जुन्या ग्रंथांसाठी आता काम होईल, व्हायलाच हवं. त्यातला थोडा वाटा आज सकाळी लिहिल्या गेलेल्या मराठीलाही द्या.

माझ्या तीन वह्या भरल्या आहेत. कोणत्याही सदस्याला पाहायच्या असतील तर मी घेऊन येईन. ज्या कुटुंबांनी संमती दिली आहे त्यांना तेही विचारून ठेवलं आहे. विषय मी येत्या बैठकीसाठी पुन्हा पाठवला आहे. शीर्षक तेच आहे.

आपली,
तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवणारी एक सहायक प्राध्यापक